तीन दगड आणि चाकांवरची घरं

तुमच्या घराला चाकं असती, तर आज संध्याकाळी ते तुम्ही कुणाच्या रानात उभं केलं असतं? आणि त्या रानाच्या मालकानं तुम्हाला उभं राहू दिलं असतं का?

वाचकहो, उत्तराची घाई करू नका. हा कागद तुमच्या हातात आहे, पण आज मला आधी जिच्याशी बोलायचं आहे तिला वाचता येत नव्हतं. तिला जाऊन पंधरा दिवसही झाले नाहीत. तिच्याशी माझं एक भांडण राहिलं आहे आणि एक कबुली राहिली आहे. दोन्ही तुमच्यादेखत व्हायला हवीत, कारण चूक मी तुमच्यादेखतच केली होती, छापून.

सोनाक्का, ऐकतेस ना?

तू मला कधी नावानं हाक मारली नाहीस. 'कागद्या' म्हणायचीस. त्यालाही कारण होतं. बेचाळीसनंतरच्या धरपकडीत कुंडलच्या माळावर तुझा तळ पडला होता आणि मी पत्रकांचा गठ्ठा काखेत मारून थेट तुझ्या मेंढरांत शिरलो होतो. अक्षरं मी शाळेत शिकलो, पण वाचायला शिकलो ते पत्रकांवर. त्यातली वाक्यं मला आईच्या ओव्यांपेक्षा जास्त पाठ होती. भर दुपारी दोन शिपाई माळावर आले. तू काही विचारलं नाहीस. गठ्ठा चुलीपाशी ओढलास, त्यावर वाकळ टाकलीस, वर बसलीस आणि भाकरी थापायला घेतलीस. शिपायांना म्हणालीस, उन्हाचं आलाय, घासभर खाऊन जावा. ते खाऊन गेले. मी घोंगडं पांघरून मेंढरांत मेंढरासारखा बसलो होतो.

ते गेल्यावर तू उठलीस, गठ्ठ्यावरचं पीठ झटकलंस आणि विचारलंस, ह्यात एवढं काय हाय रं? मी उभा राहून पत्रक पहिल्या शब्दापासून शेवटच्या उद्गारचिन्हापर्यंत वाचून दाखवलं. तू सगळं ऐकून घेतलंस.

"बरं लिवलंय," म्हणालीस. "पर लय वरडून लिवलंय."

माझ्या लिखाणाची एवढी खरी परीक्षा त्यानंतर कुणी केली नाही.

पुढं दरवर्षी दिवाळी झाली की मी तुझी वाट बघायचो. जतच्या बाजूनं तुम्ही मेंढरं घेऊन उतरायचात. पुढं तुझा पाखऱ्या घोडा, त्याच्या पाठीवर सगळं बिऱ्हाड, भांडी, वाकळा, त्यावर दोन कोंबड्या आणि एखादं नुकतं जन्मलेलं कोकरू. आणि दरवर्षी आपलं तेच भांडण. मी म्हणायचो, माणसाला घर पाहिजे, चार भिंती पाहिजेत, माणसानं जन्मभर वाटेवर राहणं हा अन्याय आहे. तू म्हणायचीस, पावसाळ्याचं चार म्हैनं हाय की घर. मी म्हणायचो, ते घर नव्हे, खोपट. तू म्हणायचीस, जेवायचं हाय का उठवू? मग मी गप्प बसून जेवायचो. माझी बरीचशी तत्त्वं तुझ्या भाकरीपुढं अशी गप्प बसली आहेत.

तुला खोकला लागला त्या वर्षी मात्र मी हट्टाला पेटलो. लढाई संपली होती आणि तुझा बिरू लष्करातून परत आला होता. मेंढरांमागं काठी घेऊन फिरणारा बिरू चार वर्षं परदेशातल्या वाळवंटात साहेबांच्या लॉऱ्या हाकत होता. परत आला तो खाकी कपडे, मिशीला पीळ आणि दर दोन शब्दांमागं एक हिंदी शब्द घेऊन. पुण्याकडच्या एका शेठनं लष्कराच्या मोडीत निघालेल्या गाड्या घेतल्या होत्या, साहेबांच्या फिरत्या कचेऱ्या, जखमींच्या गाड्या, लॉऱ्या, आणि त्यांची घरं बनवली होती. त्यानं बिरूला ड्रायव्हर म्हणून ठेवलं. लोणंदला स्टेशनामागच्या मैदानात त्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. 'चालती-फिरती घरे! सहकुटुंब येऊन पाहा!' अशी जाहिरात बिरूनं मला पाठवली आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं, आईला घेऊन ये.

बिरूच्या आणि माझ्या मनात एकच होतं. तू भिंतींना भितेस, तर आधी चाकांवरच्या भिंती दाखवू. पलंग, नळ, खिडकी एकदा बघितलीस की खोपटाची लाज वाटेल, आणि मग मी गावाबाहेर तुझ्यासाठी मागून ठेवलेल्या जागेला तू हो म्हणशील. असा आमचा डाव होता. तो तुला कळला नव्हता असं मी त्या दिवशी परतीच्या गाडीपर्यंत समजत होतो.

पहाटेची गाडी होती. तू काखेत एवढं मोठं गठुडं घेऊन आलीस की मला वाटलं मुक्कामाला निघालीस.

"काय आहे ह्यात?"

"भाकऱ्या."

"एवढ्या? आपण दोघं, तिसरा बिरू."

"तिथं घरं हायती म्हनतोस न्हवं? घरं हायती म्हंजी मानसं येनार."

माझ्याही काखेत गठ्ठा होता, पत्रकांचा. एवढी माणसं एका जागी जमणार आणि मी रिकाम्या हातानं जाणार, असं होणं शक्य नव्हतं. बड्या लोकांना चाकांवरची घरं आणि गरिबाला जमिनीवरचंही नाही, हा विषय तर मला शेठनं आयता दिला होता. त्या गठ्ठ्यात काय छापलं आहे ते मी तुला सांगितलं नाही. तू विचारलंसही नाहीस. पत्रकं म्हणजे माझा खोकला, असं तू समजायचीस.

गाडीत तू खिडकीशी बसलीस. आगगाडीत बसायची तुझी पहिलीच वेळ, पण भूगोल मला तू शिकवलास. स्टेशनाचं एकही नाव तुला ठाऊक नव्हतं. तुझी नावं निराळीच. हितं आमचा तळ व्हता. ह्या वड्याला पानी बारमाही. त्या गावात कुत्री वाईट. हितल्या पाटलीनबाईनं कोकराला दूध पाजलं व्हतं. कोरेगाव मागं पडल्यावर तू एका बाभळीकडं बोट दाखवलंस आणि सहज म्हणालीस, "ह्या बाभळीखाली बिरू झाला." मी मान वळवेपर्यंत बाभूळ गेली. ज्या वाटेला मी अन्याय म्हणत होतो, तिचा एकेक खांब, एकेक झाड तुझ्या घरातल्या कोनाड्यासारखं तुला माहीत होतं. तेव्हाच हे मनात यायला हवं होतं. नाही आलं. मी पत्रकं मोजून ठेवत होतो.

मैदानात तर जत्राच होती. रांगेनं गाड्या उभ्या, खाकीवर हिरवा आणि दुधी रंग दिलेला, खिडक्यांना जाळ्या आणि पडदे, दारांना आंब्याची पानं. बैलगाड्या सोडून आलेले शेतकरी, सुट्टीवरचे शिपाई, नथ सावरत फिरणाऱ्या बायका, आणि खरेदीला आलेली थोडी बडी माणसं. शेठ मधोमध उभा राहून घसा फोडत होता. बिरू आला, तुझ्या पाया पडला आणि सगळ्यात मोठ्या गाडीकडं घेऊन गेला.

तू आत नाही गेलीस. आधी तिच्याभोवती एक फेरी मारलीस. बाजारात घोडं बघावं तसं बघितलंस. टायरावर पायानं ठोकरलंस, दाबून पाहिलंस, मग पदर खोचून वाकलीस आणि पोटाखाली डोकावलीस.

"खूर बरं हायती," म्हणालीस. "पोटाखाली दोन मानसं निजत्याल. खाती काय?"

"पेट्रोल."

"गवात न्हाई?"

"न्हाई, आई."

"मग घाटात थांबली तर तिला पुढं काय दावायचं?"

भोवती माणसं जमायला लागली होती. आत गेल्यावर बिरूनं लष्करी रुबाबात एकेक वस्तू दाखवली. भिंतीतून खाली पडणारं टेबल. घडीचा पलंग. पत्र्याचं न्हाणं आणि त्यावर नळ. मग त्यानं कपाट उघडून आतला स्टोव्ह दाखवला. तू कपाटात डोकं घालून पाहिलंस.

"चूल कपाटात?"

"स्टोव्ह हाय, आई. धूर न्हाई, काय न्हाई."

"धूरच न्हाई, तर मग वाटंवरच्याला कळनार कसं रं, हितं बिऱ्हाड हाय म्हनून?"

बिरूनं कपाट लावून टाकलं. धुराचं शेठच्या जाहिरातीतही काही नव्हतं.

आणि मग तू ती गोष्ट केलीस, जिच्याबद्दल लोणंदची माणसं अजून बोलतात म्हणे. तू पलंगावर बसलीस. नुसतं बघायला आलेला माणूस असा बसत नाही. पाय पुसून, पदर सारखा करून, भिंतीला पाठ लावून. गठुडं सोडून टेबलावर भाकऱ्या मांडल्यास, ठेच्याची वाटी ठेवलीस, कांदा बुक्कीनं फोडलास. दारात एक म्हातारा सुभेदार आला, छातीवर पदकं, हातात काठी. त्यानं अदबीनं विचारलं, बाई, जरा आत बघू का?

"बघायचं काय त्येत? बसा की."

तुमच्यात रीतच आहे ती. जिथं बूड टेकलं ते आपलं बिऱ्हाड, आणि आपल्या बिऱ्हाडाच्या दारात आला तो पाव्हणा. प्रदर्शन म्हणजे काय हे तुला ठाऊक नव्हतं, आणि मी सांगायला हवं होतं तेव्हा पायरीखाली उभा राहून पत्रकं वाटत होतो. सुभेदार बसला. त्याच्यामागून एक शेतकरी आणि त्याची बायको. ती बसली. मग तमाशाच्या फडातल्या दोघी जणी आल्या, पाठोपाठ त्यांचा मालक, अंगठ्या घातलेला. तू प्रत्येकाच्या हातावर अर्धी भाकरी ठेवलीस. खिडकीतून ठेच्याचा वास मैदानात गेला आणि बाकीच्या गाड्यांपुढची माणसं इकडं वळली. दारापासून पार स्टेशनाच्या तारेपर्यंत रांग लागली.

शेठ धावत आला. धोतर सावरत म्हणाला, अहो बाई, हे प्रदर्शन आहे.

"आसू द्या की," तू म्हणालीस. "तुमी बी बसा. सकाळधरनं नुसतं बोलूनच ऱ्हायलाय."

शेठ दारात घोटाळला. त्यानं रांगेकडं पाहिलं, तुझ्याकडं पाहिलं, आणि हातावर आलेली भाकरी उभ्यानंच खाल्ली. मग आणखी एक मागून घेतली.

फडाचा मालक मात्र गिऱ्हाईक होता. त्यानं पलंग दाबून पाहिला, नळ सोडून पाहिला, आणि सुभेदाराला म्हणाला, एकट्याला लय झ्याक हाय. तू त्या दोघींकडं बोट केलंस.

"आन ह्या कुठं निजनार?"

"त्या बैलगाडीत. सवं हाय त्यास्नी."

"सवं तर तुमाला बी व्हती की कालपतुर."

सुभेदाराला ठसका लागला. मालक हसला, पण कानाच्या पाळ्या लाल करून. त्या दोघींपैकी थोरली, तोंडात घास तसाच ठेवून म्हणाली, "आक्का, फड तुमीच चालवा. आमी नाचतो."

मी पायरीवर होतो, हातात शेदीडशे पत्रकं. जे सांगायला मी एक अख्खं पान आणि वीस उद्गारचिन्हं खर्च करत होतो, ते तू भाकरी वाढता वाढता करून मोकळी झाली होतीस. मला अभिमान वाटला. थोडा हेवाही वाटला. हे तुला कधी बोललो नाही, ते आज बोलतो.

दुपारी मैदानाला फेरी मारायची होती, गाडी चालताना कशी आहे ते लोकांना दिसावं म्हणून. बिरू चाकावर बसला. तू खिडकीच्या गजाला धरून उभी राहिलीस, शेजारी त्या दोघी आणि मी. गाडी हलली. बाहेरची माणसं, बैलगाड्या, स्टेशन, सगळं मागं जायला लागलं आणि आपण घरात उभे. तुझ्या चेहऱ्यावर आधी भीती आली, मग नवल, मग तू पदर तोंडाला लावून अशी हसायला लागलीस की तुझा खोकलासुद्धा त्यात हरवला. बिरूला हुरूप आला. त्यानं वेग वाढवला. तू एकदम पुढं झालीस आणि त्याच्या पाठीवर थाप मारलीस.

"हळू रं. मेंढरं मागं ऱ्हात्याल."

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग गाडीतले सगळे हसले, तूही हसलीस, कपाळाला हात लावून. चाळीस वर्षांची सवय जिभेवरून पडली होती. पण बिरू नाही हसला. त्यानं वेग कमी केला, अगदी कमी केला, आणि उरलेली सगळी फेरी ती एवढी मोठी लष्करी गाडी मेंढरांच्या चालीनं नेली. माणसं सोबत चालू लागली. कुणी खिडकीतून तुझ्याशी बोलत होतं, कुणी नुसतंच गाडीला हात लावून चालत होतं. आरशात मला बिरूचे डोळे दिसत होते. त्या दिवशी त्याला काय झालं हे मी त्याला विचारलं नाही. तूही विचारलं नाहीस, फक्त उतरताना त्याच्या डोक्यावरची टोपी सारखी केलीस.

सोनाक्का, इथंच लेख संपवता आला असता तर बरं झालं असतं.

गाडी थांबल्यावर आपण तिघं पायरीवर चहा घेत बसलो. बिरूच्या हातात माझं पत्रक होतं, कुणीतरी त्याच्या खिशात कोंबलेलं. त्याची पेन्सिलीतली ओळ येऊनही मी विसरलो होतो की लष्करानं त्याला वाचायला शिकवलं आहे. तो बोटानं ओळ धरून मोठ्यानं वाचायला लागला. वर माझा मथळा होता, 'वाटेवरच्या जिण्याचा धिक्कार असो!' खाली तिसऱ्या ओळीत होतं, 'मेंढपाळ भगिनी सोनाक्का म्हणतात, आम्हाला या वाटेचा वीट आला आहे. आमची भटकंती बंद करा आणि आम्हाला एका जागी बसवा.'

तू कप खाली ठेवलास.

"सोनाक्का म्हंजी म्या?"

"व्हय," बिरू म्हणाला.

"हे म्या कवा म्हनलं रं, कागद्या?"

मी बोलायला लागलो. खूप बोललो. प्रश्न तुझ्या एकटीचा नाही, साऱ्या मेंढपाळांचा आहे, मागणीला एक नाव लागतं, एक चेहरा लागतो, नाव दिल्याशिवाय सरकार ऐकत नाही, आणि हे सगळं तुझ्याच भल्याचं आहे. तू मला अडवलं नाहीस. मी दमून थांबल्यावर म्हणालीस:

"शिपाई आलं तवा तुझ्या कागदावर म्या बसले. का? तर तुझं बोलनं कुनी दाबू नये म्हनून. आन तू माझ्याच तोंडात तुझं बोलनं घातलंस व्हय."

आवाज चढला नव्हता. ओरडली असतीस तर मी ओरडून उत्तर दिलं असतं, मला तेवढंच येत होतं. मी उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा बांधायला लागलो. मग तू कोपरानं मला ढोसलंस.

"तोंड नगं पाडू. पेनशील हाय न्हवं? मागची बाजू कोरी हाय. लिव. म्या सांगते तसं लिव, आन वरडू नगं."

तू सांगितलंस, मी लिहिलं. प्रत्येक वाक्य वाचून दाखवायला लावलंस. एका जागी मी 'कृपया' घातलं, ते खोडायला लावलंस. एका जागी 'हक्क' घातलं, ते ऐकून जरा विचार केलास आणि तेही खोडायला लावलंस. शेवटी तू बिरूचं तेलकट फडकं ओढलंस, त्यावर अंगठा दाबलास आणि कागदावर उमटवलास. म्हणालीस, आता ह्ये माजं.

निघायची वेळ झाली तेव्हा तू ती गाडी आतून झाडून काढलीस, कांद्याचं सालसुद्धा ठेवलं नाहीस. मग मैदानातून निवडून तीन दगड आणलेस आणि पायरीजवळ मांडलेस, चुलीला मांडतात तसे. शेठनं विचारलं, हे कशाला? तू म्हणालीस, मागनं येनाऱ्याला. तळ उठवताना तुम्ही राख झाडता, पण दगड हलवत नाही. पुढच्या बिऱ्हाडाला दगड शोधत फिरायला लागू नये. शेठनं ते हलवले नाहीत, हे बिरूनं मला पुढं सांगितलं.

परतीच्या गाडीत तू माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलीस. डोळा लागायच्या आधी एवढंच म्हणालीस, चांगला गेला दिस. आणि थोड्या वेळानं, डोळे मिटूनच, "जागा बी कुटंतरी तूच मागून ठिवली असशील. मला ठावं हाय."

मी तो कागद छापला नाही.

खरं हेच आहे. तुझे शब्द माझ्या मागणीत बसत नव्हते. मी 'एका जागी बसवा' म्हणत होतो आणि तू काही निराळंच मागत होतीस. माझे सोबती म्हणाले, हे छापलं तर आपली बाजू पातळ होते. मी मान डोलावली. दुसऱ्यांचा आवाज दाबणाऱ्यांवर मी पानंच्या पानं लिहिली आहेत. तुझा आवाज मात्र घडी घालून खिशात ठेवला.

दरवर्षी तू विचारलंस. छापलंस का? मी म्हणालो, स्टेन्सिल फाटली. पुढच्या वर्षी म्हणालो, शाई नाही. स्वराज्य आलं, तू पुन्हा विचारलंस, मी म्हणालो, कागद मिळत नाही.

"मग मेंढराच्या पाठीवर लिव," म्हणालीस. "त्ये तरी गावोगाव जाईल."

आणि जेवायला वाढलंस.

तू गेल्याचं बिरूचं कार्ड मला उशिरा मिळालं. मी कडेगावच्या त्या रानात पोचलो तेव्हा तळ उठला होता. मेंढरांना थांबता येत नाही, हे तूच मला शिकवलं होतंस. रानाच्या मालकानं जागा दाखवली. चांगला माणूस. म्हणाला, बाई गेल्या त्या दिवशी आमच्या घरातही चूल पेटली नाही. जमीन झाडलेली होती. लेंड्यांचं खत सारखं पसरलेलं होतं. आणि मधोमध तीन दगड.

मी त्यांच्याजवळ बसलो. मालकही बसला. बोलता बोलता म्हणाला, पुढच्या वर्षी हेही रान उसाखाली घेतोय, विहिरीला इंजिन बसवलं आहे, वाटेला काट्याचं कुंपण येईल. मी विचारलं, मग मेंढरं कुठं उतरायची?

"उतरतील की कुठंतरी," तो म्हणाला.

त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण ते 'कुठंतरी' मला ओळखीचं वाटलं. माझ्या पत्रकातही तेच होतं, फक्त मोठ्या अक्षरांत. तो वाटेवरून तुला उठवत होता आणि मीही. एकानं उसासाठी, एकानं तत्त्वासाठी.

एक आनंदाची गोष्ट सांगायची राहिली. ती मोठी गाडी त्या फडाच्या मालकानंच घेतली होती आणि गाडीबरोबर ड्रायव्हर म्हणून बिरूलाही, हे तुला ठाऊकच आहे. कार्डावर खाली बिरूनं लिहिलं आहे की गाडीत बायका निजतात, आणि मालक पुढं त्याच्या शेजारी बसून डुलक्या घेतो. कोणत्याही गावातून मुक्काम हलवताना फडातली ती थोरली पायरीजवळ तीन दगड ठेवायला लावते. ते कशासाठी, ते तिच्या मागून आलेल्या नव्या पोरींना माहीत नाही. तरी ठेवतात.

तुझा कागद अजून माझ्याकडं आहे. घडीवर विरला आहे. तेलाचा अंगठा मात्र तसाच आहे, उलट पसरून थोडा मोठा झाला आहे. हा घे, छापला. एक शब्द माझा नाही.

'म्या सोनाक्का. आमाला घर नगं असं न्हाई. पावसाळ्यात आमचं घर हाय, त्ये नीट करून दिलं तर बरंच हाय. पर बाकीचं आठ म्हैनं आमची वाट हेच आमचं घर हाय. त्या वाटंवर एक रात, दोन राती टेकायाफुरती जागा ऱ्हाऊ द्या. हिरीचं पानी तोडू नगा. आमी तुमचं काय नेत न्हाई. मेंढरांचं खत तुमच्याच रानात ऱ्हातंय. आमी राख झाडून जातो, दगड ठिवून जातो. कवा तुमी आमच्या तळावर आला तर भाकरी हाय.'

सोनाक्का, मी लय वरडून लिहितो असं तू म्हणायचीस. हे हळू लिहिलं आहे. मेंढरं मागं राहू नयेत म्हणून.

आता वाचकहो, तुमच्याकडं वळतो. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला तोंडी नको. दिवाळीनंतर मेंढरं पुन्हा उतरतील. त्याआधी एकदा आपल्या रानात जा. विहिरीपासून हाकेच्या अंतरावर, वाटेच्या कडेला, एक तुकडा नांगराविना सोडा आणि कुंपणात एक माणूस, एक घोडा जाईल एवढी फट ठेवा. त्या तुकड्यावर तीन दगड मांडा. हा कागद जपून ठेवू नका. त्याच दगडांखाली दडपून ठेवा. जी कुणी येईल तिला चूल पेटवायला होईल.